नोएली आणि वीस बाटल्यांचं पोट

नोएली पिएरलो सोळाव्या वर्षी वाल्देरींच्या तळघरात कामाला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, आवीझ गावात तिथल्या फेसाळत्या दारूची मागणी पुन्हा सुरू झाली होती आणि बायांच्या हाताला काम होतं. बाटल्या पुसायच्या, लेबलं चिकटवायची, मानेवर चंदेरी कागद चढवायचा. बाटलीतल्या दारूशी बायांचा संबंध तेवढाच. बाकी सगळं पुरुषांचं.

तळघराचे मुख्य ओनोरे वरून ओरडले, "ए नवीन पोरी, एक मातुसालेम घेऊन ये!"

नोएली आत गेली आणि पाच मिनिटांनी हात हलवत परत आली. "तिथे कोणीच नाहीये साहेब. मी दोनदा हाक मारली."

अख्खं तळघर खडूच्या दगडाच्या भिंती हादरेपर्यंत हसलं. पुढची दोन वर्षं लोक तिला येता-जाता "काय गं, सापडले का मातुसालेम आजोबा?" असं विचारत राहिले.

त्या दुपारी बार्ब नावाच्या म्हाताऱ्या बाईने तिला जेवणाच्या सुट्टीत मागच्या दालनात नेलं. तिथे भिंतीला टेकून रिकाम्या बाटल्या उंचीप्रमाणे उभ्या होत्या. "बघ," बार्ब म्हणाली, "ही आपली नेहमीची. ही मॅग्नम, हिच्यात दोन मावतात. हा जेरोबोआम, चार. रेओबोआम, सहा. हे तुझे मातुसालेम, आठ. सालमानाझार, बारा. बाल्ताझार, सोळा. आणि हा कोपऱ्यातला ढेरपोट्या नाब्युकोदोनोझोर. वीस बाटल्या पितो हा. आम्ही नाबू म्हणतो, नाहीतर नाव घेईपर्यंत गिऱ्हाईक निघून जायचं."

"ही माणसांची नावं आहेत?"

"मॅग्नमच्या पुढचे सगळे बायबलातले राजे आहेत. मातुसालेम सोडून. तो नुसताच म्हातारा होता, नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला. जगू दे बापडा, माझ्या सासूपेक्षा कमीच."

"पण ही नावं ठेवली कोणी? आणि का?"

"ते मला नाही ठाऊक आणि पाद्रीबाबांनाही नाही, मी विचारलंय. तू पोटं पाठ कर. दोन, चार, सहा, आठ, बारा, सोळा, वीस."

नोएलीने पोटं पाठ केली. घरी जाताना सायकलच्या पायडलवर एकेक आकडा म्हणत गेली. ती हुशार होती असं तिच्या शाळेत कोणी म्हटलं नव्हतं, पण एकदा डोक्यात शिरलं की निघत नसे आणि एकदा मनात आलं की सुटत नसे. तिच्या आईच्या भाषेत सांगायचं तर पोरगी म्हणजे कपड्याला चिकटलेलं काटेरी बोंड होतं.

बाविसाव्या वर्षी तिने फिर्मँशी लग्न केलं. तो द्राक्षमळ्यात छाटणीचं काम करायचा आणि गावच्या बँडमध्ये सर्वांत मोठा भोंगा वाजवायचा. शांत माणूस. भोंग्यात फुंकून त्याचा सगळा आवाज संपत असावा, असं नोएली म्हणे.

मालकांचं तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका लग्नामुळे. बोर्दोच्या एका व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी दहा जेरोबोआम मागवले होते. नोएली तेव्हा पेट्या भरण्याच्या कामावर होती. पेटीसोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: दहा जेरोबोआम, म्हणजे साठ बाटल्या, पाहुणे साडेतीनशे. तिने ते तीनदा वाचलं. मग केसांत अडकलेल्या पेंढ्यासकट वर कचेरीत गेली.

"दहा जेरोबोआमच्या चाळीस होतात. साठ नाही."

कारकून वर न बघता म्हणाला, "चूक त्यांची. जेरोबोआम मागितले, जेरोबोआम चाललेत."

"लग्नात वीस बाटल्या कमी पडतील."

"पडू देत. बोर्दोवाल्यांना मोजायला शिकवणं आपलं काम नव्हे."

"फोन करा ना."

"बाई, तुम्ही पेट्या भरा."

"फोन केल्याशिवाय नाही भरणार."

ती दारातच उभी राहिली. आत मालक वाल्देरी बसले होते, त्यांना हा गोंधळ ऐकू आला. त्यांनी कंटाळून स्वतःच फोन लावला. पलीकडून जे कळलं त्याने तेही चकित झाले. बोर्दोत जेरोबोआम म्हणजे सहा बाटल्या! तिकडच्या लोकांचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं माप होतं. नाव तेच, पण बाटली वेगळी. म्हणजे त्यांना हवे होते ते आपल्याकडचे रेओबोआम.

दहा रेओबोआम गेले. लग्न नीट पार पडलं. त्यानंतर मोठ्या बाटल्यांची प्रत्येक मागणी, भरण्यापासून पेटीत घालण्यापर्यंत, नोएलीच्या हातावरून जायला लागली आणि ती प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायची, "नाव राहू द्या, पोटात किती हवंय ते सांगा."

इथवर सगळं ठीक होतं. पुढे आला तो एकोणीसशे सत्तावन्न सालचा जून.

गावच्या बँडला शंभर वर्षं झाली. वाल्देरींनी बँडला एक नाबू भेट दिला. चर्चसमोरच्या चौकात भर दुपारी टेबलं मांडली होती, वाजवणारे घामाने निथळत होते आणि मधोमध तो ढेरपोट्या फुलांचा हार घालून उभा होता. बँडमास्तरांनी बुचावरची तार सोडवली, दोघांनी मिळून बूच ओढलं आणि सगळ्यांनी कान झाकले.

काहीच झालं नाही. बूच हातात आलं, एवढंच. पेल्यात दारू पडली ती चवीला बरी होती, पण मेलेली. दोन-चार बुडबुडे वर आले आणि तेही लाजून गेले.

"नाव राजाचं आणि आवाज उंदराचा!" बँडमास्तर ओरडले. लोक पोट धरून हसले. मालकही हसले. फिर्मँनेसुद्धा भोंग्यातून एक बारीक केविलवाणा सूर काढला, त्यावर आणखी हशा झाला.

नोएली हसली नाही. तो नाबू तिनेच भरला होता. मोठ्या बाटल्यांची रीतच तशी होती. दारू फेस धरायची ती लहान बाटल्यांत. मग वीस बाटल्या उघडायच्या आणि एका मोठ्या बाटलीत ओतायच्या. ओतता ओतता अर्धा जीव निघून जायचा. सगळेच तसं करत. जेरोबोआमच्या पुढच्या बाटलीत आतल्या आत फेस धरायला लावायची कोणाची छाती नव्हती, कारण लॉरीच्या टायरमध्ये असतो तितका दाब आणि एवढं मोठं काचेचं पोट, फुटलं तर माणूस जायचा.

घरी येताना फिर्मँ म्हणाला, "अगं, गंमत झाली एवढंच."

"तुझी झाली गंमत."

"रागावलीस?"

"तुझ्यावर नाही. लोकांना आपण राजा म्हणून विकतो आणि आत शिळं पाणी असतं. मला ठाऊक होतं आणि मी इतकी वर्षं भरत आले. याचा राग आलाय."

"मग काय करणार?"

"नाबूतच फेस धरायला लावणार."

फिर्मँ रस्त्यात थांबला. "आणि मालक?"

"त्यांना सांगणार."

मालकांनी ऐकून घेतलं. ओनोरेंनी मात्र ऐकायच्या आधीच मान हलवायला सुरुवात केली. "काच सगळीकडे सारखी नसते नोएली. कुठे जाड, कुठे पातळ. माझ्या वडिलांच्या वेळी एकाने करून बघितलं, त्याचा डोळा गेला. आणि फेस धरलाच तर आत गाळ बसेल, तो काढणार कसा? अडतीस किलोचं धूड उलटं टांगून रोज कोण फिरवणार?"

"मी."

"तू? फिरवणं पुरुषांचं काम आहे."

"पुरुष फिरवायला तयार असतील तर मी बाजूला होते. विचारा त्यांना."

ओनोरेंनी खरंच विचारलं. कोणी तयार झालं नाही. त्यांचे हात दिवसाला हजारो साध्या बाटल्या फिरवायचे, एका झटक्यात दोन्ही हातांनी दोन. नाबूला मिठी मारून फिरवायचा म्हणजे कंबरेची वाट.

मालक शेवटी म्हणाले, "सहा बाटल्या. त्याच्या वर नाही. आणि सर्वांत खालच्या गल्लीत, जिथे दुसरं कोणी जात नाही."

काचेच्या कारखान्यातून चाळीस रिकामे नाबू आले होते. नोएलीने ते एकेक करून उन्हात धरले, काचेत अडकलेले बारीक फुगे शोधले, बोटाच्या पेरांनी तळापासून मानेपर्यंत वाजवून ऐकलं, वजनकाट्यावर ठेवले. तीन दिवस ती हेच करत होती. चाळिसातून सहा निवडले, सर्वांत जड आणि एका आवाजाचे. साखर ओनोरेंनी सांगितली त्यापेक्षा थोडी कमी घातली, म्हणजे आतला दाब कमी राहील. अठ्ठावन्नच्या एप्रिलमध्ये दारू, साखर आणि खमीर भरून बुचं ठोकली, वरून लोखंडी चिमटे लावले आणि सहाही खालच्या थंड गल्लीत आडवे निजवले.

ऑगस्टमध्ये पहिला फुटला. सगळं तळघर दणाणलं. सप्टेंबरमध्ये दुसरा. दोन्ही वेळा गल्लीत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. नोएलीने जाळीचा मुखवटा घालून काचा गोळा केल्या आणि प्रत्येक तुकड्याची जाडी मोजली. पहिला फुटला होता तो खांद्याजवळ, जिथे काच वळते. दुसराही तिथेच. उरलेल्या चारांच्या खांद्यांवर तिने ओल्या गोणपाटाचे जाड थर बांधले. त्याने काच मजबूत होणार नव्हती, हे तिला कळत होतं. पण फुटली तर उडणार कमी. थंडावा राहील, तेही बरंच.

तीन वर्षं वाट पाहायची होती. वरच्या दालनात लोक विचारत, "काय म्हणतोय गं तुझा नवरा खालचा? रात्री घोरतो का?" नोएली म्हणे, "तुमच्यासारखा बडबडत नाही, म्हणून आवडतो." त्या तीन वर्षांत चारांतल्या एका नाबूचं बूच पाझरलं आणि तो बसला तसाच मेला. राहिले तीन.

एकसष्टच्या नोव्हेंबरात ते उलटे करून फिरवायची वेळ आली. पिंपं बनवणाऱ्या सुताराकडून तिने ओकच्या लाकडाचे तीन पाळणे करून घेतले, मान खाली आणि बूड वर राहील असे. पहिला नाबू पाळण्यात चढवताना तिने मिठी मारून उचलला आणि तो तिच्या हातातच फुटला.

मुखवट्यामुळे तोंड वाचलं, गोणपाटामुळे छाती वाचली. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. एकोणीस टाके पडले. फिर्मँ दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. ती बाहेर आल्यावर म्हणाला, "आता पुरे, नोएली."

"दोन राहिलेत."

"हात राहिला नसता."

"राहिलाय ना." ती त्याच्याजवळ बसली. मग म्हणाली, "भीती मलाही वाटली. आत्ताही वाटतेय. पण आता थांबले ना, तर पुढची पन्नास वर्षं लोक म्हणतील, एका बाईने करून बघितलं होतं, तिचा हात गेला. आणि तसंच शिळं पाणी विकत राहतील."

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः घरी आले. टोपी हातात धरून दारात उभे राहिले. "मी हे बंद करतोय. मला झोप लागणार नाही."

"साहेब, बाटल्या तुमच्या आहेत. फोडून टाकायच्या असतील तर टाका. पण एक ऐका. तो मी छातीशी धरून उचलला म्हणून फुटला, माझ्या अंगाची ऊब लागली आणि खांद्यावर भार आला. चूक माझी होती, बाटलीची नव्हती. यापुढे दोराने उचलायचं, तळाला पट्टा लावून. मला महिनाभर द्या, हात बरा होऊ दे."

"आणि परत फुटला तर?"

"तर मी लेबलं चिकटवीन आणि तोंड उघडणार नाही."

वाल्देरींनी तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "तोंड न उघडण्याचं मला काही पटत नाही. पण महिना घ्या."

जानेवारीत ती परत खाली गेली. उरलेले दोघे दोराने, कप्पीवरून, इंचाइंचाने पाळण्यात उतरले. मग रोज सकाळी, कामावर सगळे यायच्या आधी, ती मुखवटा आणि चामड्याचे हातमोजे घालून गल्लीत जायची. बुडावर खडूची रेघ होती. त्या रेघेने आठवा हिस्सा उजवीकडे, दुसऱ्या दिवशी आठवा हिस्सा डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे थोडं जास्त. मध्येच एक हलकासा हिसका, म्हणजे काचेला चिकटलेला गाळ सुटावा. हिसका जास्त झाला तर गाळ ढवळून सगळं मुसळ केरात. कमी झाला तर गाळ जागचा हलत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, कारण कोणी केलंच नव्हतं. पहिले पंधरा दिवस आत नुसता धुरळा दिसायचा. मग एके सकाळी मेणबत्ती मागे धरल्यावर तिला दिसलं की धुरळ्याची एक बारीक सोंड मानेकडे सरकतेय.

त्या दिवशी ओनोरे पायऱ्यांवर उभे होते. कधीपासून, कोण जाणे. "मनगटाने नाही," ते म्हणाले, "खांद्याने फिरव. मनगट दहा वर्षांत जाईल."

"तुमचं गेलंय?"

"दोन्ही." आणि ते पाळण्यापाशी येऊन दुसऱ्या नाबूला हात लावून दाखवायला लागले.

सव्वातीन महिन्यांनी दोन्ही नाबूंचा सगळा गाळ बुचावर येऊन बसला. आता तो उडवायचा होता. साध्या बाटलीत हे काम एका माणसाचं. बाटली उलटी धरायची, बूच सोडता सोडता सरळ करायची, आतला दाब गाळ बाहेर फेकतो आणि अंगठा मारून दारू अडवायची. अडतीस किलोला अंगठा कोण मारणार? फिर्मँ मळ्यातून सुट्टी काढून आला. नाबू दोराने टांगला, फिर्मँने बूड धरलं, ओनोरेंनी चिमटा आणि नोएलीने मान.

"आता!"

फिर्मँला अर्धा क्षण उशीर झाला. गाळ गेला आणि त्यामागे तिसरा हिस्सा दारूही गेली, छतापर्यंत; उरली तिचा फेस मेला. तिघंही न्हाऊन निघाले. फिर्मँ डोळे पुसत म्हणाला, "माझं चुकलं."

"कळलं का कुठे चुकलं?" नोएलीने विचारलं.

"तू 'आता' म्हणण्याची वाट पाहिली."

"मग या वेळी पाहू नकोस. बँडमध्ये तुला कोण सांगतं कधी फुंकायचं ते?"

"कोणी नाही. कळतं."

दुसऱ्या नाबूला ती काही बोललीच नाही. फिर्मँने श्वास घेतला, बूड खाली आणलं, ओनोरेंनी चिमटा सोडला आणि गाळाचा तपकिरी गोळा भिंतीवर जाऊन आपटला. मागून फक्त वाटीभर फेस. नोएलीने तळव्याने बाटलीचं तोंड दाबलं. तिच्या हाताखाली बाटली धडधडत होती, ते तिला टाक्यांच्या खुणेपर्यंत जाणवलं.

महिन्याभरात बेल्जियमच्या एका हॉटेलवाल्याला कुणकुण लागली आणि त्याने तो नाबू मागितला. मालक खूश होऊन खाली आले.

"नाही," नोएली म्हणाली.

"मालक मी आहे ना?"

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय. आत काय आहे हे तुम्ही चाखलंय? मी चाखलंय? न चाखता विकायचं म्हणजे काय करायचं, राजाचं नाव लावून देवावर भरवसा? हा पहिला आपण उघडायचाच. चांगला निघाला तर पुढचे विका."

मालकांनी कपाळाला हात लावला. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या वर्षी द्राक्षतोडणी ऑक्टोबरात संपली. शेवटच्या दिवशी द्राक्षांच्या घाण्याच्या अंगणात सगळ्यांचं जेवण असतं. उत्तरेकडच्या खाणकामगारांची बायका-माणसं तोडणीला आली होती, चौऱ्याऐंशी माणसं. डुकराचं मांस, कोबी आणि बटाट्यांची दोन पातेली चुलीवर रटरटत होती. नोएलीने नाबू ढकलगाडीवरून बाहेर आणला. ओनोरेंनी तार सोडवली. ती बुचावर तळवा ठेवून उभी राहिली, आणि बूच स्वतःच वर यायला लागलं. तिने दाबून, हळूहळू येऊ दिलं, तरी शेवटी ते असं सुटलं की छपरावरची कबुतरं उडाली.

दोघांनी नाबू कलता केला. पेल्यामागून पेले. प्रत्येक पेल्यात बुडापासून वर बारीक मण्यांची माळ चढत होती आणि थांबत नव्हती. ओनोरेंनी पेला तोंडाला न लावता कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिले, मग प्यायले.

"पुढच्या वर्षी काचवाल्याला किती सांगू?" ते म्हणाले. "सहा की बारा?"

"बारा," नोएली म्हणाली. "आणि खांद्याला जाड काच मागा."

खाणवाल्यांतली एक आजीबाई ओठ पुसत म्हणाली, "दारू फक्कड आहे गं. पण कोबीला मीठ कोणी घातलं नाही वाटतं?"

नोएली मोठ्याने हसली, कितीतरी वर्षांत हसली नव्हती अशी, आणि मीठ आणायला आत गेली.

पुढच्या बारांपैकी सात टिकले. त्यापुढच्या खेपेला नऊ. पण त्याआधीच, त्या जेवणानंतर तेरा महिन्यांनी, कचेरीतल्या कारकुनाने तिला बोलावलं. फिरवणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घालायचा हुकूम आला होता, पण छापील कागदावर कामाचं नाव पुरुषाचंच होतं. "काय लिहू?" त्याने विचारलं. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं, छापील शब्दाची शेवटची अक्षरं खोडली आणि तिथे बाईचं रूप लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती वळत नव्हती.

त्यानंतर ती सत्तावीस वर्षं खालच्या गल्लीत राहिली. फिर्मँ आधी गेला, मग ओनोरे. तिच्या हाताखाली चौघी शिकल्या. त्यांतल्या कोणी मनगटाने फिरवायला लागली की ती मागून खांद्यावर हात ठेवायची, जोरात, आणि दुसऱ्या पाळण्याकडे निघून जायची.